आधी पायांना विचारा

नेरुळ, रविवार रात्र. स्विंग नाचाच्या सरावासाठी गाणी निवडतेय. बेनी गुडमनचं १९३७चं 'सिंग, सिंग, सिंग' ऐकायला झकास. पण नवख्यांना आठ-साडेआठ मिनिटं त्या वेगात नाचवणं म्हणजे छळच! मिनिटाला १२० ते १५० ठोके, ठसठशीत बेस आणि तीन मिनिटांत आटोपणारं गाणं हवं. काउंट बेसीकडे अशी बरीच सापडतात.

मग 'अलबेला' (१९५१) हा हिंदी चित्रपट आठवला. संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव, आणि ट्रम्पेटवाला गोंयकार चिक चॉकलेट तर बँडसकट पडद्यावरच! रामचंद्रांचंच 'ईना मीना डीका' (१९५७) हे गाणं मात्र भलतंच पळतं. ते शेवटी, आणि फक्त दम उरलेल्यांसाठी.