खोडलेले वाक्य

सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा, हे मला माझ्या ज्येष्ठ वकिलांनी व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी शिकविले. गेली वीस वर्षे मी ते निष्ठेने पाळीत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी मात्र एक कागद मी दोनदा वाचला, त्यातील मजकूर खरा नाही हे मला पुरते ठाऊक होते, आणि तरीही मी त्यावर सही केली. त्या सहीची ही हकीकत.

माझ्या आत्याचे सासर ज्या खेड्यात आहे, ते एका अणुवीज केंद्रापासून १६ किलोमीटरांच्या आत पडते. केंद्राचे, जिल्ह्याचे किंवा गावाचे नाव मी येथे देत नाही. कोणा कचेरीविरुद्ध फिर्याद मांडण्यासाठी मी हे लिहावयास बसलो नाही. आणि पिंजऱ्यात उभे करावयाचेच झाले तर पहिला मान माझा आहे. शिवाय आपल्या या मासिकाचे वाचक कोठे कोठे विखुरलेले आहेत! काणकोणच्या वाचकांना सीमेपलीकडे काळी नदीच्या काठी कैगा आहे. तेथे प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालतात. बडोद्याच्या वाचकांना काकरापार फार दूर नाही. मुंबईकडे ज्यांची मुलेबाळे असतील त्यांना तारापूर १९६९ पासून परिचयाचे आहे. ज्याला जे जवळचे, ते त्याने मनात धरून वाचावे.

१६ किलोमीटर हा आकडा कोठून आला ते सांगितले पाहिजे. अणुकेंद्राभोवती आपल्याकडे वर्तुळे आखलेली असतात. अगदी आतल्या वर्तुळात वस्ती मुळीच नसते. त्याबाहेर ५ किलोमीटरांपर्यंत वस्ती आहे तेवढीच राहावी, नैसर्गिक वाढीपलीकडे वाढू नये, असा कटाक्ष असतो. आणि १६ किलोमीटरांपर्यंतचा प्रदेश हा आणीबाणीच्या योजनेचा. त्याचे साडेबावीस अंशांचे एक असे १६ भाग पाडतात. देवळापुढे कमळाची रांगोळी काढावी तसा तो नकाशा दिसतो. वारा ज्या पाकळीकडे वाहत असेल, तेथील गावांना प्रथम सावध करावयाचे. घरात कोंडून बसावयास सांगावयाचे, आयोडीनच्या गोळ्या द्यावयाच्या, आणि तशीच वेळ आली तर गाव हलवावयाचे. अपघात कुंपणाच्या आत राहिला तर तो केंद्राने निस्तरावा. कुंपणाबाहेर आला की सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. या बाहेरच्या प्रसंगाची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी व्हावी, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे.

त्या वर्षी तालमीसाठी निवडलेल्या पाकळीत आत्याचे गाव आले. गावाबाहेरचे काही निरीक्षक असावेत म्हणून आमच्या वकीलसंघाकडे विचारणा झाली आणि माझे नाव गेले. आत्याला भेटण्याचे निमित्त मिळाले, एवढाच विचार मी तेव्हा केला होता, हे कबूल करतो.

सकाळी साडेनऊला भोंगा झाला. जमावयाचे ठिकाण ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप. शाळेची मुले रांगेने आली, त्यांच्या मागून स्वयंपाक अर्धा टाकून बायका आल्या. गोळ्यांच्या जागी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मुलांनी दुसऱ्यांदा मागितल्या आणि त्यांना मिळाल्या. आयोडीनच्या खऱ्या गोळीचे काम काय, हे मात्र कोणी सांगितले नाही. ही गोळी गळ्यातील थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही. म्हणून ती वेळेवर घेतली तरच उपयोगी. आणि इतर किरणोत्सारी द्रव्यांपुढे तिचा काही इलाज नाही. असो. मग तीन बसगाड्या आल्या, माणसे मोजून बसविली, तालुक्याच्या गावी नेली आणि जेवणवेळेपर्यंत परत आणून सोडली. आरडाओरड नाही, रेटारेटी नाही. लग्नाचे वऱ्हाड इतक्या शिस्तीने हलताना मी पाहिलेले नाही.

पण गावाची एक वाडी ओढ्यापलीकडे आहे. मध्ये साकव आहे, त्यावरून बस जात नाही. भोंग्याचा आवाज मधल्या टेकाडाने अडतो. तेथे चार घरे, माणसे नऊ, आणि त्यांतील सहाजण साठीच्या पुढचे. आत्या त्यांतली. तिचे वय ८२. देवळातील नंदादीपाची सेवा तिच्या सासरी तीन पिढ्या चालत आली आहे आणि दोन्ही वेळा वात तीच सारते. एक स्वयंसेवक साकव ओलांडून धापा टाकीत तिच्या ओसरीवर आला. पोर चांगला होता. तो म्हणाला, ‘आजी, तुम्ही उठू नका. तुमचे नाव लिहून घेतो म्हणजे झाले.’ त्याने नऊ नावांपुढे नऊ खुणा केल्या, ताक प्याला आणि गेला. मी त्या वेळी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो.

दुपारी आढावा झाला. स्थलांतर शंभर टक्के, असे वाचून दाखविण्यात आले. माझ्या निरीक्षणपत्रात मी एक वाक्य लिहिले होते: ‘ओढ्यापलीकडील वाडीतील नऊ व्यक्तींना सूचना वेळेवर पोचली नाही व त्यांचे स्थलांतर झाले नाही, यादीत मात्र ते झाल्याची नोंद आहे.’ तेथील अधिकारी सभ्य गृहस्थ होते. तीन रात्री नीट झोपले नसावेत. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, ही तालीम आहे, खटला नव्हे. हे वाक्य वर गेले की सगळे पुन्हा करावे लागेल. पुढच्या खेपेस वाडीकडे मी स्वतः लक्ष देतो.’ पाने मांडली गेली होती. मुलांची अंगणात धावपळ चालली होती. मला वाटले, नऊ माणसांसाठी एवढ्यांच्या आनंदात खडा कशाला टाकावा? मी वाक्यावर रेघ मारली, खाली ‘समाधानकारक’ असे लिहिले आणि सही केली.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती देवळातून वात लावून आली होती. सगळी हकीकत तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘मग कागदावर मी आता कुठे आहे रे?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कागदाप्रमाणे ती सकाळी दहा वाजता तालुक्याला गेली होती. उद्या खरेच काही घडले, तर तो कागद मानणारा कोणीही तिला शोधावयास साकव ओलांडणार नव्हता.

घरी परतल्यावर मी वकिलाला ठाऊक असलेला एकच उपाय केला, तो म्हणजे निवाडे वाचणे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे कुडनकुलमचे प्रकरण आले, तेव्हा जून २०१२ मध्ये नक्कनेरी या खेड्यात झालेल्या तालमीचा उल्लेख त्यात आला होता. ६ मे २०१३ च्या निकालात न्यायालयाने केंद्र सुरू करण्यास मोकळीक दिली, पण सोबत १५ निर्देश दिले आणि आपत्ती व्यवस्थापनाची अपुरी कामे पुरी करण्यास बजावले. मात्र मला हवा असलेला प्रश्न, म्हणजे तालीम फसली असे कोणी म्हणावे आणि कोणी ऐकावे, तो मला अमेरिकेतील एका निवाड्यात सापडला.

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. दोन दिवसांनी राज्यपाल थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी मुले यांना दूर जाण्याचा सल्ला दिला. अशी माणसे काही हजार होती. घरे सोडून निघाली सुमारे १ लक्ष ४० हजार! लोक यादीप्रमाणे वागत नाहीत, हे त्या दिवशी उघड झाले, आणि तेव्हापासून त्या देशात केंद्राच्या परवान्याशी तालमी जोडल्या गेल्या. पण पुढे तेथील अणुनियामक आयोगाने नियम बदलून तालमीचे निष्कर्ष परवान्याच्या सुनावणीबाहेर ठेवले. शास्त्रज्ञांची एक संघटना न्यायालयात गेली. १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, त्याचा आशय असा: जी गोष्ट परवाना देताना आयोग स्वतः महत्त्वाची मानतो, तिच्यावर हरकत घेण्याचा नागरिकाचा हक्क त्याला काढून घेता येणार नाही. निवाडा रूक्ष आहे. मला तो कादंबरीसारखा वाटला.

त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर शोरहॅम येथे एक केंद्र बांधून तयार होत होते. अपघात झाल्यास या चिंचोळ्या बेटावरून माणसे बाहेर काढताच येणार नाहीत, असे तेथील काउंटीने १९८३ मध्ये ठरविले आणि योजनेत भाग घेण्याचे नाकारले. तेव्हा वीज कंपनीने आपल्याच नोकरांना वाहतूक आवरण्याचे शिक्षण दिले आणि १३ फेब्रुवारी १९८६ रोजी तालीम केली. परीक्षकांनी मध्येच, आधी न सांगता, रस्त्यात ट्रक अडकल्याचे काल्पनिक निरोप सोडले आणि कंपनीची माणसे किती वेळात हलतात ते पाहिले. ती वेळेवर हलली नाहीत. मला विशेष वाटते ते यापुढचे. आपत्ती निवारण खात्याचे तेथील प्रादेशिक संचालक फ्रँक पेट्रोन यांनी अहवालात लिहिले की, लोकांच्या संरक्षणाची वाजवी खात्री देता येत नाही. हे विधान काढून टाका, असे त्यांना वरून सांगण्यात आले. त्यांनी विधान काढले नाही. एप्रिल १९८६ मध्ये नोकरी सोडली. १९८८ मध्ये परवाना मंडळानेही त्या योजनेत मूलभूत दोष असल्याचा निर्णय दिला, आणि बांधून पुरे झालेले ते केंद्र व्यापारी वीज न देताच बंद पडले.

मला कोणी नोकरी सोडावयास सांगितले नव्हते. माझ्यापुढे फक्त केळीचे पान मांडले होते.

जपानात तालमी चुकल्या नव्हत्या. तेथे त्या दर वर्षी होत असत. पण ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी यांच्यासह फुकुशिमाचा अपघात आला. ज्या आणीबाणी केंद्रातून सूत्रे हलवावयाची ते ओकुमा गावी अणुकेंद्रापासून अवघ्या ५ किलोमीटरांवर. तेथील संपर्कसाधने निकामी झाली, किरणोत्सारी धूळ अडविणारी गाळणी इमारतीला नव्हती, आणि चौथ्या दिवशी तेथील लोकांनाच फुकुशिमा शहराकडे निघावे लागले. जवळच्या फुताबा रुग्णालयातील आणि त्याच्या वृद्धाश्रमातील सुमारे ५० माणसे त्या महिन्याअखेर दगावली. ती किरणोत्साराने गेली नाहीत. सुटकेच्या लांबलेल्या प्रतीक्षेत, बसमधील तासन्‌तासांच्या प्रवासात आणि उपचारांवाचून गेली. अंथरुणाला खिळलेला म्हातारा बसमध्ये कसा बसवावयाचा, याची तालीम कोणी केली नव्हती.

हे वाचल्यावर माझ्या मनात आणखी एक पेच उभा राहिला. आत्या ओसरीवरून उठली नाही, हे कदाचित तिच्या हिताचेच ठरले असते. ८२ वर्षांच्या बाईला दारे-खिडक्या लावून, विहिरीवर झाकण घालून दोन दिवस घरातच ठेवणे हे बसच्या धक्क्यांपेक्षा बरे असू शकते. पण तिचे घर कौलारू आहे. कौलांच्या फटींतून वारा मुक्तपणे येतो. अशा घरात माणूस कितपत सुरक्षित राहील, हे तज्ज्ञांनी येऊन पाहावे. त्यासाठी ती घरात आहे हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, आणि माझ्या सहीने नेमके तेच पुसून टाकले होते.

आत्याशी मी हे सारे बोललो. तिने मला कुलदैवताची गोष्ट सांगितली. ती आम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पडू लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. ‘त्या लोकांनी आधी देव उचलला, मग पोरेबाळे, मग भांडी,’ ती म्हणाली. ‘तुमच्या साहेबांच्या यादीत देव कोणत्या गाडीत आहे?’ मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. देवळाच्या सभामंडपात गाव जमवावयाचे आणि पुजाऱ्याला, वातीच्या सेवेकऱ्याला काही विचारावयाचे नाही, तर ती माणसे शेवटच्या क्षणी मागे फिरणारच. गुरे सोडून जाणारा शेतकरीही फिरणार. भोंगा किती वाजता झाला, बस किती वाजता सुटली, हे मोजणे सोपे असते. मागे कोण फिरले, का फिरले आणि त्याला आणावयास कोण गेले, हे लिहिण्यासाठी आमच्या त्या छापील निरीक्षणपत्रात रकानाच नव्हता.

काकरापारला ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीतून शीतक द्रव गळला आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. भट्टी सुखरूप बंद झाली, प्रसंग कुंपणाच्या आतच राहिला. अशी शिस्त आत असते, हे मी मनापासून मानतो. माझी तक्रार ओढ्यापलीकडची आहे.

शेवटी मी संबंधितांस पत्र लिहिले. खोडलेले वाक्य त्यात जसेच्या तसे घातले, ते मीच खोडले हेही लिहिले आणि ‘समाधानकारक’ हा माझा शेरा मागे घेतला. पोच आली, क्रमांक आला. दुसरे काही आले नाही. मात्र त्या सभ्य अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरून कळविले की, पुढची तालीम ठरली आहे आणि वाडीसाठी साकवाच्या अलीकडे एक जीप व दोन डोल्या ठेवल्या आहेत. निरीक्षक म्हणून मी साकवापलीकडे उभा राहण्याची परवानगी मागितली, ती मिळाली.

आत्याला हे सांगितले तेव्हा ती वाती वळीत बसली होती. शेजारची बारा वर्षांची मुलगी तिच्यापाशी बसून शिकत होती. आत्या म्हणाली, ‘येईन मी डोलीत बसून. पण भोंगा साडेनऊच्या आधी वाजवू नका म्हणावे. सकाळची वात व्हायची असते.’