बॅट सचिनची, शतक आफ्रिदीचे

ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आमच्या अंबाडीत हाच नियम आहे. भातकापणी झाली की आम्ही खाचरात तीन काठ्या रोवतो आणि खेळतो. खरी बॅट आमच्यात एकाकडेच आहे. तो आऊट झाला तरी आऊट नाही म्हणतो. जास्त बोललं तर बॅट काखेत मारून घरी जातो. मग आम्ही धोपाटण्याने खेळतो, पण आई ओरडते.

म्हणून दादाने सांगितलेली एका बॅटीची गोष्ट मला फार आवडली. ती बॅट होती आपल्या मुंबईच्या सचिन तेंडुलकरची. पाकिस्तानात सियालकोट शहर आहे. तिथे खेळाचे सामान फार चांगले बनते. तश्शीच दुसरी बॅट तिथून करून आणायची म्हणून सचिनने ती पाकिस्तानच्या वकार युनूसला दिली. पण वकारने ती आधी शाहिद आफ्रिदीच्या हातात दिली. आफ्रिदी तेव्हा अगदी नवा होता.

तो दिवस ४ ऑक्टोबर १९९६. मॅच नैरोबीला, म्हणजे आफ्रिकेतल्या केनिया देशात, श्रीलंकेबरोबर. आफ्रिदीने किती चेंडूंत शंभर केले असतील? ३७! सिक्सर ११ मारले. एक दिवसाच्या सामन्यांत इतके झटपट शतक तोवर कोणीच केले नव्हते. तो विक्रम १७ वर्षे टिकला. १ जानेवारी २०१४ ला न्यूझीलंडच्या कोरी अँडरसनने ३६ चेंडूंत शतक केले तेव्हा मोडला. बॅट सचिनची होती हे आफ्रिदीने स्वतःच सांगितले आहे.

दादा म्हणतो, बॅट कोणाची का असेना, मारले आफ्रिदीने. ते खरेच आहे. पण वकारने बॅट पिशवीतच ठेवली असती तर?

आणि सचिन तरी काय! लहानपणी तो आपल्या मोठ्या भावाची, अजितची बॅट घेऊन खेळायचा. ती त्याला मोठी आणि जड व्हायची. म्हणून तो दांडा अगदी खाली धरायचा. ती सवय मोठेपणीही गेली नाही. तशीच बॅट धरून त्याने कसोटीत १५,९२१ धावा केल्या. मीही खाली धरतो तर पोरं हसतात.

आमचा बॅटवाला हे वाचणारच, कारण तो माझ्याच वर्गात आहे. पहिली बॅटिंग तूच घे. पण रविवारी तू आऊट झालास की बॅट तिथेच ठेवून फील्डिंगला जा. मला सहाच चेंडू पाहिजेत.