बडोद्याचे महाराज, साताऱ्याची शाळा

आठवीत असताना रोज सकाळी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर जाऊन डबा घ्यायचा, हे माझं पहिलं काम. आई जोंधळ्याच्या भाकरी नि कोरड्यास गावच्या पहिल्या गाडीत द्यायची. डब्यावर रंगानं माझं नाव, खाली शाळेचं: महाराजा सयाजीराव हायस्कूल.

एकदा डबा देताना कंडक्टरकाकांनी विचारलं, "हे म्हाराज बडोद्याचं न्हवं? मग साळा हितं कशी?" मला सांगता येईना. रोज ज्या नावाखालून आत जायचो, त्याची काहीच माहिती नाही! मधल्या सुट्टीत इतिहासाच्या सरांना गाठलं.

सरांनी फळ्यावर दोन गावं लिहिली. कवळाणे आणि काले.

कवळाणे नाशिक जिल्ह्यातलं. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता नि अक्षरओळख जेमतेम. तोच सयाजीराव झाला. त्यानं 1893 मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1906 मध्ये साऱ्या संस्थानात. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले तेही याच राजाच्या शिष्यवृत्तीवर. सर हे सांगत होते आणि मी मनात हिशेब करत होतो: बारा वर्षांचा, म्हणजे माझ्याहून एक वर्षानं लहान.

काले आमच्याच जिल्ह्यातलं, कराडजवळचं. 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी तिथं रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसू लागली. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. इथं सर थांबले, खडू हातातच राहिला. आम्हीही गप्प झालो.

फेब्रुवारी 1939 मध्ये सयाजीराव गेले. पुढच्याच वर्षी रयतचं पहिलं हायस्कूल उभं राहिलं, मोफत आणि निवासी. त्याला हे नाव मिळालं.

दुसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगितलं. गाडी सुटायची वेळ झाली होती, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी आपल्यातलाच की!"

भाऊरावअण्णांनाही या राजात कवळाण्याचं पोरच दिसलं असणार, असं मी आजही मानतो.