लांबचं दाखवणारा कॅमेरा

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबा नांदेडहून आमच्याकडे हैदराबादला राहायला आले. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पहिले दोन महिने ते गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघत. करमत नाही असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

एका रविवारी मी त्यांना अमीनपूरच्या तळ्यावर नेलं. २०१६ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं हे तळं आमच्या मियापूरपासून जवळच आहे. पण पक्षी पार आत पाण्यात, आणि बाबांना चिखलात उतरणं शक्य नव्हतं. मोबाईलच्या फोटोत सगळे पक्षी तीळ सांडल्यासारखे दिसले.

म्हणून एका मित्राचा जुना निकॉन पी९०० घेतला. २०१५ चं मॉडेल, ८३ पट झूम. यात एक गोम आहे. ही पट डोळ्यांच्या तुलनेत नसते; २४ मि.मी.पासून २००० मि.मी.पर्यंतचा तो हिशोब. साध्या ५० मि.मी. लेन्सशी तुलना केली तर ४० पट. तेही काही थोडं नाही! एवढा पल्ला मोठ्या कॅमेऱ्यावर हवा असेल तर लेन्सच्या पैशात गाडी येईल. हा जेमतेम ९०० ग्रॅमचा. नंतर आलेल्या पी१००० चा झूम १२५ पट, पण वजन १४०० ग्रॅमच्या वर. बाबांना ते झेपलं नसतं.

हे जमतं कसं? सेन्सर इवलासा, फुल फ्रेमच्या साधारण तिसाव्या हिश्श्याइतका. अशा सगळ्याच कॅमेऱ्यांचं सुख त्यात आणि दुखणंही त्यातच. उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडतो. भाच्याच्या मुंजीत मी हा कॅमेरा मिरवला आणि ताईचे टोमणे खाल्ले. तिच्या मोबाईलचे फोटो बरे आले होते. उडता पक्षी तर विसराच, फोकस बसेपर्यंत तो समोरच्या अपार्टमेंटवर पोचलेला असतो. पूर्ण झूमवर नुसत्या श्वासानेही चित्र हलतं. ऊन तापलं की पाण्यावरची हवाच थरथरते, तिथे कोणताच कॅमेरा काही करू शकत नाही. म्हणून आम्ही सकाळी सातलाच जातो. बायकोने जुन्या अभ्र्याची तांदूळ भरलेली पिशवी शिवून दिली आहे, कॅमेरा तिच्यावर टेकवायचा.

घरात पळणारं लहान मूल असेल तर हा घेऊ नका, एवढंच सांगेन.

परवा बाबांनी एक बदक टिपलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका.

"याला मराठीत हळदीकुंकू म्हणतात," मी म्हणालो.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. फोटो हलला होता. मी डिलीट करायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे तो."