विषेशांक

अंकाची पहिली प्रत माझ्याकडे वसुबारसेला आली. साल 2014. प्रेसमधला मुलगा स्कूटर बंद न करताच दारातून बंडल देऊन गेला. मी हात पुसले, सुतळी सोडली, वरची प्रत उचलली आणि सवयीने आधी तिचा वास घेतला. मग मुखपृष्ठ बघितलं. निळ्या आभाळात एक आकाशकंदील, आणि त्याच्याखाली सोनेरी शाईत, माझ्या अंगठ्याएवढ्या टायपात: दिवाळी विषेशांक.

आतली 232 पानं मी चार वेळा वाचली होती. एका कथेतल्या 'उज्वल'चा गळलेला ज् शेवटच्या प्रुफाला पकडला, म्हणून त्या रात्री स्वतःवर खूश होऊन झोपलेही होते. मुखपृष्ठाचं प्रूफ मात्र प्रेसमध्ये उभ्याउभ्या पाहिलं. किंमत बरोबर आहे ना, वर्ष बरोबर आहे ना, संपादकांचं नाव नीट आहे ना. श आणि ष एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत, हे दिसलं नाही. या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे माहीत असतं. चूक जितक्या मोठ्या टायपात, तितकी ती सुरक्षित. डोळा बारीक अक्षरापाशी थांबतो, मोठ्यावरून घसरतो.

मी संपादकांना फोन लावला. आवाज कापत होता. स्टिकर छापू, मी स्वतः बसून चिकटवते, माझं मानधन देऊ नका, असं बरंच काही बोलले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पार्सलं काल रात्रीच्या एस.टी.ने गेली. तुम्ही चिकटवायला सोलापूरला जाणार की नांदेडला?"

दिवाळी कशी गेली ते घरच्यांना विचारा. मी चकल्या तळत होते आणि डोळ्यांपुढे तो 'ष' होता. पाडव्यानंतर वाचकांची पत्रं यायला लागली, तशी रोज फोन करून विचारायचे, "आलं का कुणाचं?" पत्रं आली होती. एका कथेचा शेवट पटला नाही म्हणून आली होती, कन्या राशीला सगळं वाईटच का लिहिलंय म्हणून आली होती. मुखपृष्ठाबद्दल एकही नव्हतं. महिना गेला, तरी नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच, आणि ते काय आहे हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. अंगठ्याएवढी चूक जर कुणाला दिसत नसेल, तर मी तेवीस वर्षं बारा पॉइंटांत दुरुस्त केलेल्या हजारो वेलांट्या कुणाला दिसल्या असतील? शरम होतीच, पण तिच्याखाली चांगलाच घसघशीत अहंकार बसला होता. माझ्या मनात कुणीतरी एक परीक्षक होता, जो माझं प्रत्येक पान भिंगातून बघत होता. तो नव्हताच, हे मला सोसवेना.

मुद्रितशोधनात मी आले 1991 साली, मराठीत एम.ए. करून. बुधवार पेठेतल्या एका बोळातल्या प्रेसमध्ये एका बाजूला अजून खिळे जुळवत होते आणि दुसऱ्या बाजूला नव्या संगणकावर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं होतं. तिथले जुने कंपोझिटर, सगळे त्यांना मामा म्हणत, उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो त्याच्याहून जलद वाचायचे. त्यांनी मला काम शिकवलं. ओळीखाली पट्टी धरायची. पान एकदा अर्थासाठी वाचायचं, एकदा अक्षरांसाठी, आणि एकदा फक्त मथळे, पानक्रमांक, नावं. गळलेल्या अक्षराच्या जागी काकपद कसं काढायचं, रफार भलत्या अक्षरावर गेला तर समासात काय लिहायचं, हेही त्यांनीच दाखवलं. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' होतो तो टंकणाऱ्याच्या अडाणीपणामुळे नाही, कानाला र आधी ऐकू येतो म्हणून होतो, हे त्यांचं मत. आणि एक वाक्य ते नेहमी म्हणायचे: "तीन वाचनं झाली की सही करा. चौथ्या वाचनात माणूस चुका काढत नाही, घालतो."

मी मान डोलवायचे आणि घरी जाऊन चौथं वाचन करायचे. पुढे पाचवं.

आमच्या घरात शुद्धलेखन हा संस्कार होता. वडील शिक्षक. रोज दहा ओळी लिहायच्या, चुकलेला शब्द पुन्हा दहा वेळा लिहायचा. गंमत अशी की आजोबांची पत्रं याच घरात ट्रंकेत होती आणि त्यांत 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'आम्हीं' असे अनुस्वार पावसासारखे पडलेले होते. आजोबा काही अशुद्ध लिहीत नव्हते, त्यांच्या काळी तेच शुद्ध होतं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत आणखी चार घातले गेले, आणि आजोबांचं सगळं आयुष्य एका दिवसात चुकीचं ठरलं. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर टिपणही लिहिलं होतं. तरी हातात पेन आलं की ते अठरा नियम जणू श्रुतिस्मृतीतून आल्यासारखे वाटायचे.

कामापुरतं हे ठीकच होतं. वेड घरात शिरलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी पेन हातात. 'चि. सौ. का.' छापलेलं दिसलं की मी का-वर अनुस्वार देऊन टाकायचे, तिथे 'कांक्षिणी' आहे ना! एकदा अशी दुरुस्त केलेली पत्रिका टीव्हीवर राहिली आणि नवऱ्यामुलीची आईच घरी आली. हॉटेलात मेन्यूकार्ड वाचून होईपर्यंत लोकांचं जेवण अर्धं झालेलं असायचं. 'शुध्द तुपातील मिठाई' अशा पाटीच्या दुकानात मी पाऊल टाकत नसे. 'शुद्ध' हा एकच शब्द निदान शुद्ध लिहा, एवढंच माझं म्हणणं होतं. ते तूप चांगलं होतं असं नंतर कळलं.

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर सुरुवातीला मराठीत मेसेज पाठवायची. मी उत्तरात आधी तिचा शब्द नीट लिहून पाठवायचे, मग मजकूर. हळूहळू तिचे मेसेज गेले आणि नुसते आवाजी निरोप यायला लागले. मला वाटलं, कामात असेल, टाइप करायला वेळ होत नसेल. एकदा सहज विचारलं तर म्हणाली, "आवाजात वेलांटी नसते गं आई."

हसत म्हणाली होती. मीही हसले.

'विषेशांक' प्रकरणानंतर मी शहाणी होईन असं कुणालाही वाटेल. मी जास्तच बिघडले. आता पाच वाचनं, वर उलटं वाचन, म्हणजे शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. प्रुफं उशिरा जाऊ लागली. दिवाळी अंकाच्या कामात उशीर चालत नाही. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी संपादकाचं रक्त आश्विनात आटतंच. त्यात मशीन ठरलेल्या तारखेला मिळतं, ती गेली की मागचा माणूस पुढे घुसतो. दोन ठिकाणांहून कामं यायची बंद झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, 'यंदा अंक लहान आहे' एवढंच.

आणि मग ती कथा आली. लेखक विदर्भातले, कथेतली आजी वऱ्हाडी बोलणारी. पहिल्या तीन वाचनांत मी आजीला हात लावला नाही. बोलीतल्या संवादाला हात लावायचा नसतो, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण चौथ्या वाचनात मला एका जागी 'येऊन राह्यली' आणि दुसऱ्या जागी 'येऊन राहिली' दिसलं. एकवाक्यता हवी म्हणून दोन्ही सारखं केलं. मग वाटलं, हे 'वं' सारखं सारखं खटकतंय, थोडे कमी करू. पाचव्या वाचनात 'काय वं माय'चं 'काय गं बाई' झालं. मध्यरात्र उलटून गेली होती आणि मला खरोखर वाटत होतं की मी कथा सुधारतेय.

अंक निघाल्यावर लेखकांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ताई, एकच सांगायचं होतं. माझी आजी पुण्याची नव्हती."

मामांचं वाक्य तेव्हा आठवलं. मामा तोवर गेले होते, आणि प्रेसच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं होतं.

मी एखाद्या सकाळी उठून बदलले नाही. कामं कमी झाल्यामुळे दुपारी वेळ मिळू लागला आणि मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुन्हा जायला लागले, इतकंच. एक जाडजूड कादंबरी काढली. नाव ओळखीचं, पण वाचलेली नव्हती. घरी येऊन उघडली तर तिसऱ्याच पानावर पेन्सिलची खूण. 'महत्व'मध्ये आणखी एक त् घातलेला. पुढच्या पानावर काकपद. त्याच्यापुढे एक 'तज्ञ' सुधारलेला. मला आधी बरं वाटलं, आपल्यासारखा कुणीतरी आहे म्हणून. मग त्या काकपदाच्या उजव्या टोकाला असलेला बारीक बाक दिसला. तो मी काढते. मामा त्यावरून चिडवायचे, "तुमच्या कावळ्याचा पाय मुरगळलाय."

मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के होते. त्यांतला एक 2003चा, शेजारी माझा सभासद क्रमांक. म्हणजे हे पुस्तक मी घरी आणलं होतं, चारशे नऊ पानं शेवटपर्यंत वाचली होती, शेवटच्या पानावरही खूण होती, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. नायिकेचं नाव नाही. ती जगते का मरते, ते नाही. मी ते पुस्तक तपासलं होतं. मग मनातल्या मनात मागे जाऊन बघू लागले की गेल्या वीस वर्षांत मी कुठलं पुस्तक वाचलं? एम.ए.च्या वर्षात जिन्यात बसून, कंदिलाच्या वेळची माणसं वाचायची तशी, दिवे गेल्यावर मेणबत्तीशी वाचलेली पुस्तकं मला पानापानाने आठवत होती. त्यानंतरची आठवत होती ती चुकांनी. अमुक कवितासंग्रह? हो, त्यात पान चौतीसवर 'ऊर्मी' ऱ्हस्व होती.

मी खोडरबर घेतलं. पुस्तक वाचनालयाचं, खुणा खोडायलाच हव्या होत्या. एक खूण खोडायची, कपटे फुंकायचे, मग तो परिच्छेद वाचायचा. त्यामुळे वाचन फार सावकाश झालं आणि साठाव्या पानाच्या आसपास गोष्टीने मला धरलं. तीन ठिकाणी माझीच दुरुस्ती चुकीची होती. त्यांतली एक तर अगदीच लाजिरवाणी. 'दिन' म्हणजे दिवस, तिथे मी 'दीन' केलं होतं आणि एका आनंदाच्या दिवसाला गरीब करून टाकलं होतं. मी एकटीच बसून मोठ्याने हसले. नवरा आतून विचारायला आला.

नायिका मरत नाही. गाव सोडून जाते.

आता तीन वाचनं करते आणि शेवटच्या प्रुफावर 'छापायला हरकत नाही' लिहून सही करते. पहिली दोनएक वर्षं सही केल्यावर पोटात गोळा यायचा. तो आला की प्रुफांचं बाड सरळ शेजारणीकडे ठेवून यायचे आणि सकाळी प्रेसचा मुलगा तिच्याकडूनच घेऊन जायचा. तिने कधी कारण विचारलं नाही, तिच्या घरचे पापडाचं पीठ माझ्याकडे ठेवतात म्हणून असेल. चुका राहतात. गेल्या वर्षीच्या अंकात दोन कळल्या, कळल्या नाहीत त्या वेगळ्या. पाट्या अजून वाचते. त्या मिठाईवाल्याकडून पेढे मात्र आणते.

चूक चालते, असं मी म्हणत नाही. 'चूक चालते' म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी माझं प्रूफ देणार नाही. औषधाच्या वेष्टणावरचं शून्य गळलं तर माणूस मरेल. पण मी औषधांची वेष्टणं तपासत नव्हते. मी राशिभविष्य तपासत होते, आणि भीती मात्र औषधाची बाळगली होती.

परवा मुलीला मेसेज केला. तिची सुट्टी मंजूर झाल्याचा निरोप आला होता, गॅसवर आमटी होती, चष्मा देवघरात राहिला होता. घाईत लिहिलं, 'दीवाळीला लवकर ये, वाट बघते.' मिनिटभरात उत्तर आलं. तिने माझाच मेसेज फोटो काढून परत पाठवला होता. 'दी'भोवती बोटाने काढलेलं लाल, वेडंवाकडं वर्तुळ, आणि बाजूला समासात असतं तसं एक काकपद. खाली बऱ्याच वर्षांनी मराठीत टाइप केलेलं एक वाक्य: 'बाराला नीघते आहे'.

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, हे मला तिनेच मागे शिकवलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं, फोन पालथा ठेवला आणि भात लावायला उठले.