तेल कुठून येतंय?

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत डिझेल इंजिनाला झोप नसते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, सगळीकडच्या कारखान्यांकडे रात्रंदिवस ट्रॅक्टर पळत असतात. अशात एखादा ट्रॅक्टर दोन दिवस गॅरेजला उभा राहिला तर तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं आणि उचल घेऊन आलेली टोळी बसून राहते. त्यामुळे मालक गॅरेजात येतो तो घाईत आणि घाबरलेला.

माझे अब्बा डिझेल मिस्तरी. घरात आमची दखनी, गॅरेजात अस्सल मराठी. गिऱ्हाइकं त्यांना ‘भाई’ म्हणतात, म्हातारे शेतकरी ‘मिस्तरी’. मी शिकून दुसऱ्या कामाला लागलो, पण शाळेच्या सुट्ट्या सगळ्या पान्यांच्या ट्रेसमोर गेल्या. आज लिहितोय ते त्या ट्रेसमोर शिकलेलं.

काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात भवानीनगरकडचा एक ट्रॅक्टर आला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, क्लच हाउसिंगच्या खालून काळं तेल टपकत होतं. दुसऱ्या एका ठिकाणी मालकाला सांगितलं होतं की क्रँकचं मागचं सील गेलंय. हे सील बदलायचं तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात. आणि ‘एवढं उघडतोयच तर हाफ इंजिन करून घ्या’ असा सल्लाही मिळाला होता. हे ‘उघडतोयच तर’ फार महागात जातं. कितीतरी शेतकऱ्यांची हंगामाची कमाई या दोन शब्दांत गेलीय.

अब्बांनी बोट तेलाला लावून नाकाशी नेलं. गिअरचं तेल सहसा पिवळसर, घट्ट आणि उग्र वासाचं असतं. हे काळं होतं, म्हणजे इंजिनचंच. एवढं ठरलं. पण इंजिनात कुठलं? ते म्हणाले, “आधी धुऊन काढू, मग बघू.” मालक वैतागला. धुण्यासाठी आलोय का मी, म्हणाला.

पण दुसरा मार्ग नसतो. तेल वरून खाली येतं आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. वर, पुढे झिरपलेला थेंब मागे, खाली येऊन टपकतो. त्यावर धूळ आणि उसाचं पाचट चिकटून जो थर बसतो त्यात खरी जागा कधीच दिसत नाही. ब्रश आणि डिझेलने सगळं धुतलं, हवा मारून कोरडं केलं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं.

तिथेही अब्बा थांबले नाहीत. पॅकिंग म्हातारं झालं हे खरं, पण त्याला आतून ढकलतंय कोण? त्यांनी ब्रीदर काढला. तो चिखलासारख्या काजळीने बुजला होता. पिस्टनशेजारून थोडा धूर तेलाच्या खोलीत उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो सील आणि पॅकिंगांवर जोर काढतो. ब्रीदर साफ केला नसता तर नवं पॅकिंगही आठवड्यात गळलं असतं. मग तेल भरायचं झाकण काढून पाहिलं. तिथून भकाभका धूर आला असता तर पिस्टन रिंगा झिजल्याची शंका घेता आली असती. तसं काही नव्हतं. संध्याकाळी ट्रॅक्टर फडात परत गेला.

नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरचीही हीच गोष्ट. चहाच्या पैशात येणारी ती चकती सिलिंडरचा सगळा दाब अडवून धरते. ती झिजली की इंजिन चालू असताना चुक-चुक आवाज येतो, नोझलभोवती डांबरासारखा काळा कडक थर जमतो आणि सकाळी इंजिन उठायला कुरकुरतं. नोझलच्या खोबणीत थोडं डिझेल ओतून इंजिन फिरवलं तर बुडबुडे दिसतात. वॉशर बदलताना जुना खाली चिकटून राहिलाय का हे बॅटरी लावून बघायचं. त्याच्यावर दुसरा ठेवला तर नोझल वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या खळग्यात नीट पडत नाही आणि मग धूर का येतोय म्हणून पंपाला दोष दिला जातो.

डीपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं की मालक खूश होतो, मिस्तरी घाबरतो. तेल वाढत नसतं, त्यात डिझेल उतरलेलं असतं. फीड पंपाचा पडदा फाटलेला असेल, पंपाचं सील गेलं असेल किंवा नोझल थेंब गाळत असेल. तेलाचा थेंब वर्तमानपत्रावर टाकला आणि काळ्या डागाभोवती पातळ ओलं कडं पसरलं, की बेअरिंग जायच्या आधी गाडी थांबवायची.

आता कॉमन रेल आलंय. जुन्या इंजिनात एकेका नोझलचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मरतोय ते अब्बा ओळखायचे. आता ते करायला ते पोरांना सक्त मनाई करतात. मोटारीच्या टायरात साधारण दोन बार हवा असते, इथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात सडायला लागतो. त्यामुळे आता सलाइनच्या नळ्या प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला लावून बाटल्यांत डिझेल जमवतात. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर आतून झिजलेला.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांच्या रोजगारात मोटारदुरुस्तीसारख्या कामांचा वाटा मोठा असल्याची नोंद आहे. आमच्या मोहल्ल्यात त्यासाठी अहवालाची गरज नव्हती. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार व्हायचा, कागद कुणी मागायचं नाही. आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हाताला कितीही कळत असलं तरी आधी प्रमाणपत्र विचारतात. म्हणून मी भाच्याच्या मागे लागून त्याला आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलला घातलंय. अब्बांना ते फारसं पटलेलं नाही. पण संध्याकाळी तो कॉलेजचा शर्ट खुंटीला अडकवून गॅरेजात येतो, तेव्हा स्कॅनर त्याच्याच हातात देतात आणि पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाचायला लावतात.