हेडरांची निंदण

सौंदड, रोवणी आटोपल्यावरचे दिवस. एका हेडरमधली टीप दुरुस्त केली, नुसती टीप, आणि 200 सी फाइली नव्याने कंपाइल व्हायला लागल्या. जुन्या लॅपटॉपवर 11 मिनिटं. चौथ्या मिनिटाला लाईन गेली. बॅटरी कधीचीच मेलेली.

◆

इन्क्लुड लिहिलं की प्रीप्रोसेसर त्या हेडरचा अख्खा मजकूर त्या ओळीच्या जागी आणून ठेवतो. त्यात आणखी पाच हेडर असले तर तेही. जीसीसी या कंपायलरला मोठ्या लिपीतल्या एचचा पर्याय दिला की कोणी कोणाला आणलं ते सगळं पडद्यावर उतरतं. एकदा तरी बघाच.

◆

नको असलेलं इन्क्लुड शोधायची सोपी रीत: ओळ काढायची, बिल्ड करायचं, चाललं तर पुढे जायचं. मीही असंच करत होतो. ही रीत घातक आहे. हेडरबरोबर एखादा मॅक्रो गेला तर इफडेफच्या आतला भाग मुकाट वगळला जातो. बिल्ड यशस्वी, वागणूक वेगळी. फंक्शनची घोषणा गेली तर जुना कंपायलर ते इंट परत करतं असं धरून चालायचा, मग 64 बिटच्या मशीनवर पॉइंटर अर्धा कापला जायचा. सी 99 ने ही मुभा काढली. जीसीसीने तिला थेट चूक ठरवलं ते 14 व्या आवृत्तीत, 2024 साली.

◆

घरामागच्या बांधीत बाया निंदण करताहेत. कोवळा सावा हुबेहूब धानासारखा. पण धानाच्या पात्याच्या सांध्यावर बारीक पापुद्रा असतो, सावा गवताला नसतो. हेडरची खूणही अशीच जवळून बघावी लागते: त्यातलं एखादं नाव ही फाइल स्वतः वापरते का?

◆

लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोलनार यांनी 2 जानेवारी 2022 ला त्या कर्नलच्या हेडरांची साफसफाई मांडली. 2297 पॅचेस, वर्षाहून अधिक काळाचं काम. बिल्डचा वेग 50 ते 80 टक्क्यांनी वाढल्याचं त्यांचं मोजमाप. एवढा गठ्ठा एकदम स्वीकारला गेला नाही. तरी मला ते काम मोठं वाटतं, कारण फुकटच्या इन्क्लुडची किंमत सगळ्यांत कमकुवत मशीनवाला मोजतो.

◆

खरा फायदा हेडरच्या आतली इन्क्लुडं कमी करण्यात आहे. स्ट्रक्टचा फक्त पॉइंटर लागत असेल तर स्ट्रक्टच्या नावाची घोषणा पुरते. आकार किंवा आतला एखादा सदस्य हवा असेल तेव्हाच पूर्ण व्याख्या आणा.

◆

प्रत्येक सी फाइलमध्ये तिचं स्वतःचं हेडर सगळ्यांत वर ठेवा. त्यात काही कमी असेल तर तिथेच अडतं, दुसऱ्याच्या इन्क्लुडमागे लपत नाही.

◆

आज 19 ओळी काढल्या. 6 नव्या घातल्या, कारण ती नावं आजवर दुसऱ्याच हेडरमधून उसनी येत होती. तीच टीप पुन्हा बदलून पाहिली. 34 फाइली, दोन मिनिटांच्या आत.